ओढ्याकाठचं एकच पाणी

हिप्परवाडी,
१८ जानेवारी १९८६

चि. आबारावास व माहेरच्या समस्त ऊसवाल्या भावबंदांस मुक्ताअक्काचे अनेक आशीर्वाद.

या ओढ्याकाठच्या आपणा सर्वांचं दुखणं एकच : पाणी दरसाल खाली चाललंय. तुम्ही वर विहिरी खोल करता आणि इथं माझ्या सासरचा आड संक्रांतीलाच तळ दाखवतो. बहात्तर साली पाऊस नव्हता. आता पाणी तुमचा ऊस पितो. पावसाचं जेवढं जिरतं तेवढंच आपलं. त्याहून जास्त उपसणं म्हणजे नातवंडांच्या ताटातलं ओढून खाणं. यंदा ऊस तुटला की त्याच बुडख्यांवर पुन्हा खोडवा राखू नका.

भांडले तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

चिंचवाडी,
१० मार्च १९८६

ती. अक्कांस आबारावाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चावडीत वाचलं. अक्का सासरी गेली, पण भाषण इथंच ठेवून गेली, म्हणून सगळे हसले. मीही हसलो आणि विहिरीत आडवं बोअर मारलं. पाणी धो धो लागलं. नारळ फोडला, पेढे वाटले. सकाळी शेजारच्या धुळाप्पाची विहीर कोरडी. तो भांडला नाही. त्यानंही माझ्या दिशेनं आडवं बोअर मारलं आणि मला पेढा आणून दिला. आता दोन्ही विहिरींच्या कोरड्या तळाला बेडकं बसलीत.

पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा कुणी हसलं नाही. धुळाप्पा म्हणाला, झरा एकच, आपण त्याला दोन्हीकडून चोखलं. आम्ही दोघांनी खोडव्यात नांगर घातला. आमचं बघून बाकीच्यांनीही घातला. आता पावसावर तूर, पुढं ज्वारी.

रागावत राहा, पण लिहीत राहा.
आपला आबाराव

हिप्परवाडी,
५ एप्रिल १९८७

चि. आबाराव, धुळाप्पा आणि नांगर घालणाऱ्या सर्व भावांनो, अनेक आशीर्वाद.

पाऊस यंदाही बेताचाच, तरी चैत्रात आमच्या आडात पाणी आहे. शेजारच्या कस्तुराबाईनं पोहऱ्याचा दोर तोडून आखूड केला, उरलेल्या तुकड्यानं वासरू बांधलं. बायका आडापाशी उगाच बसून राहतात. हे आभाळानं दिलं नाही, तुमच्या नांगरानं दिलं. माणसाची हाव हरू शकते, हे आम्ही घागरी भरभरून पाहतोय.

पण पाणी दिसताच माझे दीर कोंडीरामभावजी उसाचं बेणं घेऊन शेतात आले. मी सरीतच जाऊन बसले. म्हणाले, वहिनी, माहेरचं ऐकून सासर बुडवता. मी म्हटलं, माहेरानं आपला ऊस मोडून सासरचा आड भरलाय. ते ऐकून भावजींनीच बेणं बैलांपुढं टाकलं. बैलांची त्या दिवशी येळवस झाली, शेतातल्या सणाचं जेवणच.

आज भावजींनी ऐकलं, उद्या दुसरा उठेल. म्हणून अक्कावर लोभ असेल तर पुढच्या सोमवारी सगळे आमच्या चावडीवर या, आणि विहिरीच्या पाण्यावर कुणीही ऊस लावणार नाही, असा दोन्ही गावांचा एकच ठराव करा.

तुमची
मुक्ताअक्का