डोळे झाक, लागलं का सांग

माय, आज सकाळी मी माझ्या नातीला बाभळीचा काटा टोचला. आठ वर्षांची पोर आहे ती, तुझी पणती. तिच्या गालावर रुपयाएवढा फिका डाग उठलाय. सून मासिकातली पानं कापून ठेवते, त्यात काकडीचा रस, बेसन, मोड आलेली मटकी असलं काय काय असतं. ती मला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या माय कातडीची लय औषधं जाणत होत्या म्हणतेत. काय खायचं, काय लावायचं, मला बी सांगा की." मी ज्वारी पाखडत होते. डाग म्हटलं आणि मी सूप खाली ठेवलं. तिला काय सांगू? तुझं औषध मला तोंडपाठ आहे, पण त्याचं पुढं काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलासुद्धा नाही.

निजामाचं राज्य होतं आणि मी अकरा वर्षांची होते. चारठाण्याकडच्या आपल्या गावात न्हाणीत तू माझी पाठ चोळत होतीस आणि मधेच तुझा हात थांबला. डाव्या दंडावर चिंचोक्याएवढा पांढुरका डाग होता. तू एवढंच म्हणालीस, "कुणाला दावू नको. बापाला बी न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला चुलीपुढं बसवून घेतलंस, पदराला खोचलेला बाभळीचा काटा काढलास आणि म्हणालीस, "डोळे झाक. लागलं का सांग." काटा टोचलेला कळला तर डाग साधा आणि नाही कळला तर महारोग, एवढं गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. महारोग हा शब्द तू कधी तोंडातून काढला नाहीस, 'ते' म्हणायचीस. 'ते' झालेला एक म्हातारा ओढ्यापलीकडं खोप घालून राहायचा आणि त्याची भाकर लांबच्या दगडावर ठेवत. मी डोळे मिटायला गेले की मला तो दगडच दिसायचा. बाकीच्या आया लेकराला लागू नये म्हणून जपतात, आणि तू मला लागावं म्हणून देवाला हात जोडत होतीस.

सगळा दोष तू स्वतःवर घेतलास. "मीच दिलं गं तुला. दुपारी मासे खाऊ घातले आन् सांजच्याला दूध पाजलं. माझीच मती फिरली व्हती." मग सव्वा महिन्याचं पथ्य धरलंस. उपाशीपोटी कडुलिंबाच्या पाल्याचा रस, बिनमिठाची भाकर, मुगाचं वरण. वांगं नाही, चिंच नाही, गूळ नाही. लिंबाच्या पाण्यानं अंघोळ, अंगाला बेसन, मग करडईचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसायचं. मला एकटीला अळणी खावं लागू नये म्हणून तूही सव्वा महिना मीठ सोडलंस. बाकीची कातडी माझी अशी तुकतुकीत झाली की पाणोठ्यावर बाया विचारायच्या, काय लावतीस गं. डाग मात्र जिथल्या तिथं होता. सेलूला सरकारी दवाखाना होता आणि आपली कापसाची गाडी तिथल्या बाजाराला जायची. पण दवाखान्यात नाव-गाव लिहून घेतात, आणि एकदा लिहिलं की साऱ्या गावाला कळतं, म्हणून तू मला त्या गाडीत कधी बसवलं नाहीस. रोज सकाळी काटा टोचायचीस, रोज मला लागायचं, आणि सव्वा महिना असंच लागलं तर सुटलो, असं तू मनाशी धरलं होतंस.

शेवटच्या दिवशी मला लागलं नाही. आधीचे चार-सहा दिवस टोचणं बोथट होत आलं होतं, पण त्या सकाळी काहीच कळलं नाही. मी डोळे पुरते मिटले नव्हते. पापण्यांच्या फटीतून मला काट्याचं टोक कातडीत रुतलेलं दिसलं आणि मी म्हणाले, "लागलं, माय." हातसुद्धा झटकन ओढून घेतला. तू काटा चुलीत टाकलास आणि माझं डोकं पोटाशी धरून लय रडलीस. मग मीठ घालून पिठलं केलंस. "खा पोटभर. गेलं ते." त्यानंतर मी आपली मीच वांगं, गूळ टाकत राहिले. तू हसून म्हणायचीस, पोरीला पथ्याची गोडी लागली. मी भीतीनं खात नव्हते, माय.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. वर्षभरात शेजारच्या काकीच्या लेकीला, माझ्या मैतरणीला, पाठीवर तसाच डाग उठला. काकी तिला कापसाच्या गाडीतून सेलूला न्यायला निघाली होती. तूच तिला अडवलंस. "कशाला जातीस? नाव लिहितेत तिथं. माझ्या लेकीकडं बघ की, पथ्यानं गेलं." मी दाराशी उभी होते, बाही कोपरापर्यंत ओढून. तेव्हा एक शब्द बोलले असते तर गाडी गेली असती. दवाखान्यात तरी तिचं बरं झालं असतं का, कोण जाणे. पण मी बोलले नाही. ती बिचारी माझ्यापेक्षा शहाणी, न कुरकुरता लिंबाचा रस प्यायची. पुढच्या सुगीत कणसं खुडताना तिचं बोट कापलं. कणसं लाल झालेली मी पाहिली, तिला मात्र पत्ताच नव्हता. काकीनं ओढ्यापलीकडं खोप घातली आणि लेकीसंगं स्वतःही तिकडंच राहायला गेली.

तू मला विचारायचीस, "तुला लागलं, मग तिला का लागंना? चोरून मीठ खाल्लं असंल का तिनं?" शेवटच्या दुखण्यात तर उलटं म्हणायला लागलीस, "माझंच कायतरी सांगायचं ऱ्हायलं." मी तुझे पाय चेपत होते. तू तशीच गेलीस आणि मी तुला तसंच जाऊ दिलं.

माझा डाग वाढला नाही की गेला नाही. लग्न झालं, लेकरं झाली, बाही कायम लांब शिवली. आता गोळ्यांनी हा रोग बरा होतो, असं भिंतीवर रंगवलेलं मी स्वतः वाचते. तरी कुणाला दंड दाखवला नाही. दाखवला तर ते तेव्हाही होतंच, हे ठरून जाईल ना.

तर आज सकाळी नातीला म्हणाले, "डोळे झाक. लागलं का सांग." काटा नुसता टेकवला असेल नसेल तोच ती म्हणाली, "लागलं, आजी." लय पटकन म्हणाली. तिच्या पापण्या हालत होत्या, मधे फट होती. साधा डाग असेल गं, उन्हानं लेकरांच्या गालावर उठतात तसा. पण त्या शब्दावर दुसरं कुणीही विश्वास ठेवील, मी कशी ठेवू? माझ्या हातातून काटा पडला. सुनेला म्हणाले, "बेसन-बिसन राहू दे. उद्या हिला सेलूला दवाखान्यात न्यायची." ती गोंधळली. "पण तुमचं तर मायच्या पथ्यानंच गेलतं म्हणतेत न्हवं?" मी बाही वर केली. तिनं पोरीला जवळ ओढून घेतलं.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी जाणार आहोत. हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते, दुसरीकडं कुठं धाडणार? रोज सकाळी मी अजून स्वतःला काटा टोचते आणि लागलं म्हणते. उद्या डॉक्टर म्हणतील, डोळे मिटा. आणि मी ते आजवर एकदाही पुरते मिटलेले नाहीत.