सगलं चालतंय

वैशाली नगर, जयपूर. रविवार संध्याकाळ, २००९

डोकं अजून तापलेलंच आहे.

गेलं वर्षभर ऑफिसातून आल्यावर एकच काम करत होते. जावा या संगणकाच्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर एका अशा ऑपरेटिंग सिस्टीमवर आणायचं, जी मूठभर हौशी लोकच वापरतात. तिथे ते सुरू होताच कोसळायचं. चुकून चाललंच, तर मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. आज पहिल्यांदा विंडो उघडली आणि मी लिहिलेली ओळ स्वच्छ दिसली. मी ओरडलेच, "बाबा, लवकर या, बघा ना!"

बाबा चष्मा सावरत वाकले, वाचलं आणि हसत सुटले. "सगलं चालतंय? अगं, सगळं! तुझ्या मशीनला ळ येत नाही वाटतं."

मशीनला येतो. मीच ल टाईप केला होता, कारण मी बोलते तसाच. हिंदी शाळेत ळ कोण शिकवणार होतं? वर्षभरातलं त्यांना एवढंच दिसलं? वर आईला हाक मारून म्हणाले, "बघ आपली साताऱ्याची पोर!"

साताऱ्याची कधी होते मी? बँकेने बाबांची इकडे बदली केली तेव्हा मी नीट बोलतही नव्हते. आता हे लिहितानासुद्धा प्रत्येक ळपाशी थांबतेय, मतलब, घाबरतेय.

जावा परक्या सिस्टीमवर नेताना एकेक अक्षर पोचलं का ते मी तपासत बसले. मला इकडे आणताना वाटेत ळ गळला, तेव्हा कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.