खुंटीवरची टोपी

१२ मे

ती. दादास,
स. न. वि. वि.

पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तुम्ही तिघं सिनेमा पाहून घरी आल्यावरच हे फोडलं असशील अशी आशा आहे. आधी फोडलं असशील तर इथेच थांब.

'दूरबंदर'चा नवा भाग इथे नोकरीच्या गावी तुमच्याशिवाय पाहणं मला चोरीसारखं वाटलं. पाच भाग आपण एका ओळीत बसून पाहिले आणि घरी येईपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. मग चहा, आणि मग धाकट्याने आधी बोलायचं, शेवटी बाबांनी. मध्ये तोंड घालायचं नाही, सगळ्यांचं होईपर्यंत वाद नाही. म्हणून माझं मत तू सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखव, त्यानंतर तुमची पाळी. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण बाबांचा निरोप होता की फोनवर नीट बोलणं होत नाही, मत लिहूनच यावं. मला ते आवडलं. छापखान्यातल्या माणसाला शोभेलसं आहे.

आता मत. मला सिनेमा आवडला की नाही तेच कळत नाहीये. जेवण हमखास करपवणारा यानावरचा आपला यंत्रआचारी आता सगळं बिनचूक रांधतो. त्यात वाईट काय? तरी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. नवी तरुण कप्तान आवडली, आणि आवडली म्हणून म्हाताऱ्या कप्तानाशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. शेवट तर विचारूच नकोस. दर वेळी तो परत येतो, टोपी खुंटीला लावतो आणि सिनेमा संपतो. या वेळी पडद्यावर नुसता काळोख, आणि रेडिओवर त्याचा आवाज: मी मागे थांबतो, तुम्ही जा, टोपी आता तुझी. मग हातमोज्यातला एक हात टोपी खुंटीला लावतो. तो हात तिचा. मी रडले. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला, पण नक्की कशासाठी रडतेय ते त्यांना सांगता येईना.

कामाचं ठीक आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि तपासायच्या. परवा एक काच चार वेळा तपासली तेव्हा मुकादम म्हणाले, बाई, आता ती काच तुम्हाला ओळखायला लागली असेल.

माझं मत धड नसलं तरी गोड मानून घे.

तुझी,
धाकटी

२० मे

प्रिय शंकाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट वेळेवर फोडलं, तुझं मत खणखणीत आवाजात वाचलं. आई मध्येच हसली, तेवढाच नियमभंग.

माझं मत एका ओळीत: वाट लावली. कप्तानाला मारायचंच होतं तर धड पडद्यावर तरी मारायचं. काळोख करून आवाज ऐकवायचा हे पैसे वाचवायचे धंदे. आचाऱ्याला सुधारलं तिथेच माझं मन उडालं होतं. सुट्टीतल्या जादा तासांना येणारी शाळेतली माझी पोरं मात्र म्हणतात की सर, हाच भाग सगळ्यात भारी. त्यांची मी उद्या गणिताची चाचणी घेणार आहे.

आता खरी गंमत, किंवा गंमत नसेलही. तुझं झालं, माझं झालं, आईने सांगितलं की तिला फार आवडला. मग बाबा उठून उभे राहिले, नेहमीसारखा घसा साफ केला आणि म्हणाले की सिनेमा उत्तम आहे, कप्तान सुखरूप घरी आला, टोपी खुंटीला लागली, आता डोळे मिटले तरी हरकत नाही. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. तुझ्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की तो परत येत नाही. ते वाचताना बाबा समोरच बसले होते! मी वाद सुरू करणार, तोवर ते झाडांना पाणी घालायला निघूनही गेले. ते मला टोमणा मारत होते, की मीच झोपेत दुसरा सिनेमा पाहिला? तूच काय तो निकाल लाव.

तुझा,
दादा

२२ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दादाला दाखवलेलं नाही, तूही त्याला काही बोलू नकोस.

तुला ठाऊक आहे, मला त्या सिनेमातलं यानबिन काही कळत नाही. हा कोण, तो कुठे चालला, असं मी यांच्या कानाशी विचारायचे आणि हे हळूच सांगायचे. माझा सिनेमा तोच. या वेळी तीनदा विचारलं. हे समोर बघत बसले, मान वळवली नाही. मग मी विचारायचं सोडलं आणि माझी मीच पाहत राहिले. शेवटी जे कळलं ते माझं मला कळलं, आणि आवडलं. ते सांगितलं तेव्हाही यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

घरातही तेच. चहा टाकू का विचारलं तर म्हणतात पेपर टेबलावर आहे. निवृत्त झाल्यापासून माझा कंटाळा आला असेल, दुसरं काय? तुझ्या मावशीकडे महिनाभर जाऊन राहावं म्हणते. मी इथे नसले तर चालेल का, असं काल विचारलं. बरं म्हणाले. बॅग काढून ठेवली आहे.

तू काळजी करू नकोस. तुला सांगून उपयोग नाही म्हणा, तू करणारच. वेळेवर जेव.

तुझी,
आई

२६ मे

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडून लिहितेय. चुकीचं वाटलं तर रागवा, पण पूर्ण वाचा.

दादाने तुमचं मत कळवलं. मी इतकी गोंधळले की पुन्हा सिनेमाला गेले. यंत्रांच्या आवाजासाठी कारखान्यात आम्हाला कानात घालायचे बोळे देतात. एक शंका आली म्हणून ते घालून बसले. शेवटी पडद्यावर काळोख झाला, बराच वेळ काही नाही, मग दार उघडलं, हातमोज्यातल्या हाताने टोपी खुंटीला लावली. आवाज नसला की तो हात कप्तानाचाच वाटतो, बाबा. तुम्ही जो सिनेमा पाहिलात तो मी पाहिला. मला तो फार आवडला. या वेळी का रडतेय ते कळत होतं.

मग एकेक आठवलं. फोनवर मी काहीही विचारलं की तुम्ही हो हो म्हणता. मत लिहून मागितलंत. आपला नियमच असा की कोणी कोणाच्या बोलण्यात बोलायचं नाही, त्यामुळे समोरचं ऐकू आलं नाही तरी खपून जातं. आयुष्यभर त्या धडधडणाऱ्या यंत्रांपाशी उभे होतात. कधीपासून ऐकू येत नाही?

मी हे लिहायला हवं होतं की नको, कळत नाही. तुमचा शेवट हिरावून घेतेय असंही वाटतं. पण आई मावशीकडे राहायला चालली आहे, आणि तिने विचारलं तेव्हा तुम्ही बरं म्हणालात. तिला वाटतंय तुम्हाला ती नकोशी झाली आहे. तिने मला हे गुपचूप लिहिलं होतं, म्हणजे तो शब्दही मी मोडला. तिने नक्की काय विचारलं असं वाटलं तुम्हाला?

राग आला तरी उत्तर पाठवा.

तुमची,
ठकू

९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आशीर्वाद.

मला वाटलं ती बाजारात जाऊ का विचारते आहे.

तुझं पत्र वाचलं तेव्हा तिची बॅग दाराशी होती. मी ती उचलून आत नेली आणि कपाटावर टाकली. ती काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मग पत्रच तिच्या हातात दिलं. तुला फितूर म्हणाली असं दादा सांगतो, पण हसत म्हणाली.

मला वाटत होतं की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. सिनेमातही तीच नवी पद्धत आली असेल, म्हटलं. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. कपात चमचा फिरवला तरी दचकतो. दादाच्या चपला एवढ्या वाजतात हे कोणी सांगितलं नव्हतं.

काल तुझ्या आईला घेऊन पुन्हा सिनेमाला गेलो. आचारी चांगला रांधतो म्हणून दादा चिडला, पण रांधताना तो करपलेल्या दिवसांच्या गोष्टी सांगतो. पहिल्या वेळी त्या मला कळल्याच नव्हत्या. मग काळोख झाला आणि कप्तान येणार नाही हे ऐकलं. वाईट वाटलं. तेवढ्यात तुझ्या आईने कानाशी विचारलं की तिकडे एकटा बसून हा करणार तरी काय. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. मी हळूच म्हणालो अशी माझी समजूत होती, पण पुढच्या चार ओळींनी मागे वळून पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. तेही ऐकू आलं.

तेव्हा माझं मत असं: पहिल्यांदा पाहिला तो सिनेमा चांगला होता. दुसऱ्यांदा पाहिला त्यात कप्तान गेला, तरी घरी येताना मला बरं का वाटत होतं ते सांगता येत नाही. तुझ्यासारखंच झालं आहे. नियमाने मी शेवटी बोलतो आणि विषय संपतो, पण या वेळी संपला असं वाटत नाही.

रविवारी फोन कर. मी उचलीन.

तुझे,
बाबा