दांड्याला सोडलेली माया

११ नोव्हेंबर

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण शिलाई मशीन चालवायला अजून नाही म्हणत नाही. तूही वेळेवर जेवत असशील. नसशीलच, पण असं लिहायची रीत आहे.

तुझी सायकल उद्या मालट्रकने निघेल. "हादऱ्यांनी मनगट दुखतं, विकून टाका," असं तू लिहिलं होतंस. विकली नाही. पुढचं चाक धरणारा जुना चिमटा काढून शॉकअपवाला बसवून घेतलाय. खड्डा आला की तो आत दबतो आणि धक्का स्वतः खातो. तुझ्या त्या मोडून सांधलेल्या मनगटाला तेवढाच आराम.

मला वाटलं होतं, चिमटा घ्यायचा आणि बसवायचा. कसलं काय! सायकलवाल्याने हँडलखालची नळी मापली आणि मान हलवली. आताच्या चिमट्यांचे वरचे दांडे जाड, या नळीत शिरायचेच नाहीत. बारीक दांड्याचा मिळाला, तर त्याला ब्रेक लावायला जागा नाही, कारण तुझे ब्रेक जुने, रिमला घासणारे. तिसरा सगळीकडे बसला, पण इतका उंच की सायकल तोंड वर करून उभी राहिली. ज्याचं माप न घेता कोट शिवला, त्या गिऱ्हाइकासारखी. शेवटी त्याने जुन्या मालातून एक बुटका, बेताचाच दबणारा चिमटा शोधून काढला. तो मात्र बसला.

मग दांडा कापायचा होता. नवा दांडा लांबच येतो, सायकलीच्या मापाने कापून घ्यायचा असतो. "कुठे कापू?" असं त्याने विचारलं. मी खिशातला खडू काढून खूण केली आणि पुढे कपडा वाढवता यावा म्हणून शिवणीत सोडतो तशी, हाताच्या सवयीने वर दोन बोटं माया सोडली.

तो हसतच सुटला. "मास्तर, सायकल काय वाढत्या अंगाची आहे?"

"राहू दे. कापलेलं परत येत नाही."

"अहो, पण हँडल उंच बसेल. खाली चकत्या रचाव्या लागतील."

"रच."

रचल्या त्याने. दिसायला जरा बावळट दिसतं, हसू नकोस. हिने पाहिलं आणि म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या सायकलीला नवे पाय कशाला?" मग कपाटाकडे तोंड करून विचारलं, "मनगट अजून दुखतं का तिचं?" तिला वाईट वाटतं तेव्हा ती अशीच कपाटाशी बोलते.

सायकल आत्ताच का पाठवतोय, ते लिहायचं टाळत होतो. पुढच्या महिन्यात आमचा मुलगा पुन्हा लग्न करतोय. मुलगी शांत वाटली. तिची स्कूटर जिन्याखाली ठेवायची आहे, म्हणून तो म्हणाला, "बाबा, ती सायकल हलवा आता." पोटचा मुलगा आहे, त्याला काय बोलणार? तुमच्या घटस्फोटाच्या सह्या झाल्या तेव्हाही मी गप्प बसलो होतो. पण जिन्याखाली सायकल दिसायची तोवर वाटायचं, तू आत कुठेतरी आहेस, आता घाईघाईने येशील, किल्ली विसरलीस म्हणून परत फिरशील.

आणखी एक. तुझ्या पत्रात वर "ती. काका" असं होतं. मी दुकानातच वाचलं. नंतर एका माणसाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. हिला सांगितलं, कापड वाईट निघालं.

तुझं चुकलं नाही, पोरी. "बाबा" लिहायचं नातं कोर्टाने काढून घेतलं, आणि "मास्तर" लिहायला तुझं मन धजावलं नसेल. पेन हातात धरून तू किती वेळ बसली असशील, ते मला कळतं. पण वाईट वाटलं, फार वाटलं. मला मुलगी नव्हती. तू आलीस तेव्हा झाली होती, आणि आता पुन्हा नाही.

तिथे तुला कुणी चांगला माणूस भेटला, तर आमचा विचार करून अडू नकोस. त्याच्या घरीही कुणी बाबा असतील. त्यांना मोकळ्या मनाने बाबा म्हण.

हँडल उंच वाटलं, तर जास्तीचा दांडा कापून घे. कुठल्याही दुकानात होईल. मला कळवायचीही गरज नाही.

पत्राखाली काय लिहावं, यावर सकाळपासून अडलोय. तू दिलेला शब्द मी अजून स्वतःच्या हाताने लिहून पाहिला नव्हता. आज लिहितो.

तुझे,
काका