हात सुटलाच नाही

रविवार, दिवेलागणीची वेळ

घरी येऊन चहा झाला, पण डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं. आज शिलासंगं यवतमाळच्या त्या नव्या हॉलमधी भिंत चढाच्या खेळाले गेलती. माह्या कमरेले पट्टा, पट्ट्याले दोर, अन् वरच्या कडीतून आलेलं दोराचं दुसरं टोक खाली शिलाच्या हातात. वर तर मी सरसर चढली. तिथला सर म्हणे, "आता हात सोडा ताई, मैत्रीण सावकाश खाली घेईल." शिला खालून ओरडली, "सोड ना वं, मी आहो ना!"

माहा हात सुटलाच नाही. भिंतीवर बसवलेला एक एक गोटा धरत मी आपल्या हातानंच उतरली.

काहून? उंचीले भेली म्हणावं, तर वावरातल्या चिंचेवर सगळ्यात वर मीच चढाची. शिला शाळेपासूनची मैत्रीण. पुढच्या महिन्यात दोघी मिळून शिलाईचं दुकान टाकून राह्यलो. अन् तिच्या हातावर भरोसा नाही मले?

मंग शिला चढली. वर पोचली अन् खाली न पाहताच तिनं दोन्ही हात सोडून देल्ले. दोर माह्या हातात होता.

येतानी शिला माह्या गाडीवर मागं बसली. रोज माह्या खांद्यावर हात ठेवते. आज तिनं मागची दांडी धरली.