पेसमेकर आणि मागची खोली

सिस्टर, माझ्या छातीत पेसमेकर बसवायचं ठरलंय, आणि तो बसला की माझ्याच घरातल्या, विजेच्या ठिणग्या उडवणाऱ्या टेस्ला कॉइलजवळ मला जाता येणार नाही. हे कुणापुढे बोलू? तुम्ही तर माझे केस काळे होते तेव्हाच गेलात.

नववीचा वर्ग आहे. आपल्या कॉन्व्हेंटच्या लॅबच्या खिडक्यांना तुम्ही काळा कागद लावताय. टेबलावर इंडक्शन कॉइल आहे आणि आम्ही मुली डावा हात पाठीमागे कमरेच्या पट्ट्यात अडकवून उभ्या आहोत, कारण पिनाफोरला खिसे नाहीत. चालू यंत्राजवळ एकच हात न्यायचा. दोन्ही नेले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसरीकडे जातो, हे तुम्ही शिकवलंत. ठिणगी उडाली आणि मी म्हणाले, "सिस्टर, मला किती सुंदर वाटलं." शाळेत इंग्रजीच बोलायचं हा नियम तुमचाच, पण तुम्ही चक्क तुमच्या वसईच्या मराठीत झापलंत, "वाटलं ते घरी जाऊन सांग. दिसलं काय ते बोल."

दिसलं ते सांगते. रबाळ्याच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात माझी नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर नेरुळच्या रो-हाउसमध्ये, मागच्या खोलीत, पहिली कॉइल बांधली. प्लॅस्टिकच्या पाइपवर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. एक वेढा दुसऱ्यावर चढला की सगळं उलगडून पुन्हा सुरुवात. अर्थिंगची सळई अंगणात कढीपत्त्याशेजारी ठोकली आहे, आणि कढीपत्ता मजेत आहे. स्विच टाकला की वरच्या कड्यातून हातभर जांभळ्या ठिणग्या निघतात, कोपऱ्यातली सुटी ट्यूब तारेशिवाय पेटते, दंडावरचे केस उभे राहतात. शेजारीण म्हणते, "काकू, तुमचं ते सुरू झालं की माझी सिरियल नाचते." मी म्हणते, "तेवढीच ती पुढे सरकते." आता तिची सिरियल संपल्यावरच मी कॉइल लावते.

गेल्या महिन्यात ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. हातात चहाचं गाळणं होतं. कॉइलचा प्लग काढलेला होता. तरी मुलगा पुण्याहून आला तो हेच धरून.

"आई, शॉक लागला ना? खरं सांग."

"लागला असता तर सांगायला उरले असते का?"

"बाकीच्या बायका लाफ्टर क्लबला जातात."

"मला हसायला कारण लागतं."

हृदयाचे ठोके मधेच थांबतात, असं तपासणीत निघालं. डॉक्टर माझ्या मुलाहून लहान. "आजी, घरी वेळ कसा घालवता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "टेस्ला म्हणजे ती गाडी?" त्याला नीट समजावलं, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. पेसमेकर बसल्यावर ते यंत्र चालू असलेल्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही, म्हणाला. पेसमेकर गोंधळू शकतो. आणि बसवला नाही तर? तर पुढच्या चक्करेतून उठाल याची खात्री नाही, आजी.

मुलाने तोडगा काढलाय. दुसरं कुणी कॉइल लावेल, मी हॉलमध्ये बसून मोबाइलवर बघायचं. मोबाइलवर ठिणग्यांमागून येणारा ओझोनचा वास येतो का, सिस्टर? दंडावरचे केस उभे राहतात का? नवऱ्यामागे या घरात मी एकटी आहे. सकाळी डोळे उघडल्यावर मला उठवते ती मागची खोली. ती बंद केली तर ठोके नियमित पडतील, हे मान्य, पण ते कशासाठी पडायचे? हे मी मुलाला विचारलं तर तो रडायला लागला. मग त्यालाच पाणी आणून द्यावं लागलं.

तुम्ही असतात तर भांडले असते, तुम्ही झापलं असतंत, आणि मला हवं ते उत्तर मिळालं नसतं. दुपारभर या कागदावर तेच केलं. हा पाठवायला पत्ता नाही, पण असता तरी पाठवला नसता. कारण त्या डॉक्टरला मी आज सकाळीच हो म्हणून आले आहे. त्याने पुन्हा समजवायला सुरुवातही केली नव्हती, सिस्टर. मी घाबरले होते.