सरळ केलेली रेघ

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय. कारण एक भाजीवाला. दिंडोरीकडून रोज सायकलवर टोपल्या बांधून पंचवटीच्या बाजारात येणारा म्हातारा, गेल्या आठवड्यात बाजारामागच्या चढावर दम खात उभा होता. मला म्हणाला, "ताई, ज्यानं ही सायकलची वाट आखली ना, तो जन्मात सायकलवर बसला नसंल. लय चढ हाय. उतरावंच लागतंय."

ती वाट तुम्हीच आखलेली. तुमच्याबद्दल कुणी असं बोलावं?

तुम्ही तर सायकलवर अख्खं गाव पालथं घातलेलं. अठ्ठ्याहत्तर साली जुन्या वस्तीची नवी आखणी निघाली, तेव्हा तुमच्या नगररचनेच्या ऑफिसात सगळ्यांना मोटारीच्या रस्त्यांची पडली होती. तुम्ही एकटे सायकलींसाठी वेगळी वाट मागत बसलात. "शाळेच्या मुली, भाजीवाले, कामगार कशावरनं जातात, साहेब? मोटारीतनं?" असं विचारून आलात, आणि घरी आईला ते तीनदा सांगितलंत.

आणि तुमची ती किटली! काठोकाठ पाणी भरून हँडलला अडकवायची. जिथे सांडेल ती गल्ली चढाची नाहीतर खड्ड्यांची, म्हणून बाद. मी मागे कॅरिअरवर, मान वाकडी करून किटलीवर पहारा करत. खरं सांगू? तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता त्याच कॅरिअरवर बसायला जीव तळमळतो.

बाजारामागचा तुकडा मात्र तुम्ही एकट्याने फिरलात. माझी परीक्षा होती.

मग तुमचा हात थरथरायला लागला. साहेबांना कळू नये म्हणून तुम्ही पेन्सिलीने काढलेला नकाशा मी घरीच ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचे. बाजारामागे तुमची रेघ एकाएकी डावीकडे वळून, लांबून पुलाकडे येत होती. मला वाटलं, हात हलला. मी पट्टी लावली आणि रेघ सरळ केली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलंही नाही. ही कसली माया, अण्णा?

तोवर तुम्ही अंथरूण धरलं होतंत, तो नकाशा तिथेच पाहिलात. बराच वेळ पाहिलात. "छान आलीय रेघ तुझी," एवढंच म्हणालात. तुम्हाला दिसलं होतं का? दिसलं असेल तर बोलला का नाहीत? मी तुमचं मन राखलं, तसं तुम्ही माझं राखलंत का? त्यापेक्षा रागावला असतात तर बरं झालं असतं.

काल तुमची ट्रंक उघडली. तो पेन्सिलीचा कागद निघाला. मागच्या बाजूला तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय: "सरळ चढावर किटली सांडते. वळसाच घ्यावा. सुमनला एकदा फिरवून दाखवायचं."

ते राहिलंच.

आता ऑफिसात तुमच्या टेबलाशी मी बसते. त्या रस्त्याची दुरुस्ती निघालीय. सोमवारी नवा नकाशा साहेबांपुढे जाईल, तो तुमचा वळसा घेऊनच जाईल. सरळ रेघ माझी होती, हेही मी त्यांना सांगणार आहे. मग काय बोलायचं ते बोलोत.

त्याआधी रविवारी किटली भरून तुमच्या सायकलवर तो वळसा फिरून येते. आणि वाट झाली, की त्या म्हाताऱ्याला तिच्यावरून घेऊन जाईन आणि ती कुणी आखली, ते नाव घेऊन सांगेन.

तुमची,
सुमन